घरचे शेवटी जेवतात

मोडीचे सर आपल्या स्कूटरला शाल पांघरवत. सत्कारात मिळालेली, जरीकाठाची. दुसरी खिडकीला पडदा म्हणून, तिसरी शिलाई मशीनवर. पडेगावच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ऊब घेण्यासाठी वापरलेली एकही शाल मी पाहिली नाही. थंडीत ते साधी घोंगडी घेत.

जुने मोडी कागद वाचून देणं हे त्यांचं काम. लोक पेटीतली जीर्ण बाडं घेऊन लांबून येत आणि आपण कोणा सरदाराचे वंशज निघू, अशा आशेनं समोर बसत. सर भिंग फिरवत आणि शांतपणे सांगत, "पणजोबा सरदार नव्हते. बैलाच्या भांडणात साक्षीदार होते. पण साक्ष खरी दिलेली दिसते." मग हमखास विचारत, "गावात घर आहे अजून?" समोरचा हो म्हणाला की भिंग खाली ठेवत. "मग कागद कशाला हवा तुम्हाला?"

त्यांचं गाव वैजापूरकडं. आई गेल्यावर घर चुलतभावाच्या वाटणीला गेलं. बायकोही गेली, मुलगी पुण्यात. शहरात त्यांच्याशिवाय एकही व्यासपीठ सजत नसे, पण गावानं काही कधी बोलावलं नव्हतं. आणि एका पौषात बोलावणं आलं. यात्रेचा भंडारा होता.

मी गाडी काढली. सरांच्या पिशवीत एक जुनं उपरणं होतं. "कमरेला बांधायला," म्हणाले. "आमच्याकडं पाहुणे आधी जेवतात. घरचे वाढतात आणि शेवटी जेवतात. मी चौदाव्या वर्षी वरणाची बादली धरली होती. एकदा पुन्हा धरायची आहे." इतका उत्साह मी त्यांच्या कुठल्याच सत्कारात पाहिला नव्हता.

वेशीवर बँड होता. सरांना फेटा बांधला आणि देवळासमोर मांडवात सोफ्यावर बसवलं. भाषणं झाली. पहिली पंगत बसली तसे सर उठले, उपरणं काढलं आणि वरणाच्या बादलीला हात घातला. पुतण्या धावत आला.

"अहो काका, हे काय! ठेवा ती बादली."

"अरे, वाढतो की दोन ओळी."

"नाय नाय. पाहुण्यानं वाढायचं व्हय? गाव तोंडात शेण घालील आमच्या!"

पंगतीतल्या एका म्हातारीनं मान वर केली. "कोण हाये रं त्यो?"

"संभाजीनगरचे सर हायेत, आजी. लई मोठं माणूस."

सरांनी बादली सोडली. त्यांच्यासाठी वेगळं टेबल मांडलं होतं, बाटलीबंद पाणी होतं. वरण-बट्टीवर तूप इतकं ओतलं की बट्टी दिसेना. आग्रह करायला पाच जण उभे होते. सर पहिल्या पंगतीत जेवले.

परतताना मी विचारलं, "कसं झालं?"

"छान झालं."

लासूर मागं पडल्यावर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "सोफा कुठून आणला असेल हो त्यांनी?" आणि बऱ्याच वेळानं, "एकानंही 'ए, इकडं वाढ' म्हटलं नाही." उपरणं घडी न मोडता पिशवीत परत गेलं होतं.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडं आले. माझ्या बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं त्यांच्यापुढं परात ठेवली. "सर, नुसतेच बसलात. एवढे वाटाणे सोला बरं." सर खुर्चीवरून उतरून जमिनीवर मांडी घालून बसले. त्यानंतर ते दर रविवारी यायला लागले. कधी लसूण, कधी मेथी. ही त्यांना खुशाल रागवायची, "काड्या राहिल्यात सर, नीट बघा!" आणि ते शाळकरी पोरासारखे पुन्हा निवडायचे. शेवटी आम्हा दोघांबरोबर जेवून जायचे.

मग एका रविवारी माझे जुने साहेब सहकुटुंब आले. सर स्वयंपाकघराच्या दारात वाटाणे सोलत होते. मला संकोच वाटला. मी त्यांच्या पुढ्यातली परात उचलली, हात धरून त्यांना सोफ्यावर आणलं आणि म्हणालो, "हे आमचे सर. मोडीतले फार मोठे अभ्यासक."

सरांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मग कुर्त्यावरची सालं झटकली आणि अर्धा तास फार सुंदर बोलले. साहेब भारावून गेले. त्यांनी सरांबरोबर फोटोही काढले. जेवायच्या वेळी सर पाहुण्यांबरोबर पहिल्या पंगतीला बसले. निघताना चपला घालत मला म्हणाले, "छान झालं."

त्यानंतर त्यांचे रविवार कुठल्या ना कुठल्या कामात जाऊ लागले. उन्हाळ्यात मुलीकडं पुण्याला गेले. तिथंही कोणा मंडळानं त्यांना शोधून काढलं आहे म्हणे.

परवा फोन केला. "कसं चाललंय, सर?"

"छान चाललंय."

मी फोन ठेवला. ही भाजी निवडत होती. "काय म्हणाले?"

"छान चाललंय म्हणाले."

वाटाण्याची परात तेवढी तिनं माझ्याकडं सरकवली.