आत्याबाई भोसरीला सापडल्या तो दिवस

आमच्या भागात सून सासूला आत्याबाई म्हणते. माझ्या आत्याबाई चाकणजवळच्या एका खेड्यात जन्मभर राहिल्या, आणि तिथून हलावं असं त्यांच्या मनात कधी आलं नाही. ते माझ्या नवऱ्याच्या मनात आलं. सासरे वारल्यावर एकट्या आईला गावात कसं ठेवायचं, म्हणून ह्यांनी म्हैस विकली आणि आईला चिंचवडला आमच्या चाळीत आणलं. स्वातंत्र्याला आठ-नऊ वर्षं झाली होती. हे पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागले होते आणि आमची एकच खोली होती.

पहिले पंधरा दिवस आत्याबाईंनी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, म्हणजे सगळं ठीक होतं. मग एका मंगळवारी त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावानं हाक मारली. ती बहीण वारून वीस वर्षं झाली होती. मी ओ दिली. बुधवारी खुंटीवरच्या ह्यांच्या सदऱ्याशी त्या बराच वेळ बोलल्या आणि सदरा उत्तर देत नाही म्हणून चिडल्या. संध्याकाळी मात्र पुन्हा पूर्ववत. भाकरी कडेला कच्ची राहिलीय म्हणाल्या, त्यामुळे आम्ही निर्धास्त झालो.

शेजारच्या काकूंचं मत वेगळं होतं. "बाहेरचं असणार. विहिरीवरून येताना काही ओलांडलं का त्यांनी?"

"आपल्याकडे विहीर कुठाय काकू? नळ आहे."

"मग नळावरून येताना," काकू म्हणाल्या.

हे म्हणाले, "वय झालं. आता असं व्हायचंच."

मला एक गोष्ट दिसत होती, पण तिचा अर्थ मी माझ्या परीनं लावला होता. सकाळी भरून ठेवलेला त्यांचा पाण्याचा तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला असे. माझ्या हातचं पाणी त्यांना नको आहे, असं मी धरून चालले आणि मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत राहिले. ह्यांना सांगितलं नाही. "तुझ्या हातचं जेवण चालतं आणि पाणी चालत नाही?" असं त्यांनी विचारलं असतं.

गुरुवारी सकाळी मी नळावरून परत आले तर दार सताड उघडं आणि आत्याबाई नाहीत. चपला जागेवर होत्या. चाळीच्या सोळाही खोल्यांत विचारलं. मग काकूंना दारात बसवलं आणि चालत कारखान्याच्या फाटकावर गेले.

"काय काम आहे?" पहारेकऱ्यानं विचारलं.

"सासूबाई हरवल्यात. आमच्या ह्यांना बोलवा."

त्यानं ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. सासू हरवली म्हणून सून धापा टाकत आलेली त्यानं बहुतेक पाहिली नसावी.

हे बाहेर आले आणि आम्ही आधी पोलीस चौकीत गेलो. हवालदारांनी वर्ण, उंची, लुगड्याचा रंग असं सगळं लिहून घेतलं. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "घरात भांडण?"

"नाही."

"एका खोलीत सासू-सून, आणि भांडण नाही?"

"नाही."

त्यांनी कागदावर लिहिलं, 'सून भांडण नाकबूल करते.'

ह्यांनी कुणाची तरी सायकल मागून आणली. मला एवढंच सुचत होतं की त्या कुठेही गेल्या तरी चाकणच्या दिशेनंच जातील. मी कॅरिअरवर बसले. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण ह्यांच्या सायकलवर बसायची वेळ आली ती अशी. वाटेत दिसेल त्याला विचारत गेलो. भोसरीच्या अलीकडे कांद्याच्या वावरात बायका खुरपत होत्या. त्यांतली एक उठून उभी राहिली.

"व्हय, गेली की एक म्हातारी. अनवाणी व्हती. म्हशीला हाका मारत चालली व्हती. म्या म्हनलं, म्हस कुठंशी हाय? तर म्हनली, म्होरं गेलीया."

म्हैस ह्यांनीच विकली होती. हे पायडल जोरात मारायला लागले.

भोसरीत शिरल्यावर तिसऱ्या-चौथ्या घरातून मला ओळखीचा आवाज आला. "आगं, पीठ असं मळत्यात का? आईनं काय शिकिवलं तुला?" मी टुणकन उडी मारून उतरले.

आत्याबाई एका परक्या घराच्या ओसरीवर मांडी घालून बसल्या होत्या. समोर एक नवी नवरी परातीत पीठ मळत होती, तिचे डोळे पाण्यानं भरले होते. शेजारी तिचा नवरा हात जोडल्यासारखा उभा होता. झालं होतं ते असं. त्या मुलीच्या लग्नाला चार महिनेच झाले होते. सकाळी एक वयस्क बाई घरात शिरली, बसली आणि हंडा घासायला सांगितला. मुलीला वाटलं, ही सासरकडची कुणी, लग्नात राहून गेलेली. वडीलधाऱ्या माणसाला "तुम्ही कोण?" असं कसं विचारायचं? तिनं हंडा घासला, अंगण सारवलं, चूल पोतारली. नवरा दुपारी जेवायला आला, त्याला वाटलं ही बायकोच्या माहेरची. त्यानं पाया पडून आशीर्वाद घेतला होता.

"तुमच्या हाईत व्हय?" त्यानं विचारलं. त्याला एवढं हायसं वाटलेलं पाहून मला वाईट वाटलं.

मुलगी डोळे पुसत म्हणाली, "जेवल्या न्हाईत काही. पानीबी दिलं, तर न्हाई घेतलं."

ते ऐकून मी आत्याबाईंजवळ गेले. माझ्या हातचं पाणी नको, हे समजण्यासारखं होतं. पण ह्या मुलीशी त्यांचं काय वैर?

आत्याबाईंचा हात धरला तर अंग तापलेलं, ओठ सुकून पापुद्रे निघालेले. त्यांनी मला ओळखलं नाही. ह्यांना ओळखलं, पण सासरे समजून. डोक्यावर पदर ओढून घेतला. हे तोंड फिरवून सायकलची घंटी पुसायला लागले. त्या माणसानं बैलगाडी जुंपली आणि आम्हाला चिंचवडला आणून सोडलं.

चिंचवड गावातले डॉक्टर साठीचे होते आणि कमी बोलायचे. त्यांनी आत्याबाईंची जीभ पाहिली. हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. डोळ्यांत बॅटरी मारली. केसांत बोटं घालून डोकं चाचपलं.

"पडल्या होत्या का? डोक्याला मार?"

"नाही."

"लघवीत साखर आहे असं कुणी कधी सांगितलंय? फिट येते? एखादी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली?"

"नाही," हे म्हणाले. "डॉक्टर, मंगळवारपासून असं करतेय. वयच झालंय तिचं."

"वय मंगळवारी होतं का?" डॉक्टर म्हणाले. "म्हातारपणचा विसर हळूहळू येतो, वर्षं घेतो. दोन दिवसांत माणूस बदललं की तो आजार. ताप असेल, साखर कमी-जास्त असेल, डोक्यात रक्त साकळलं असेल, कसलं औषध बाधलं असेल, लघवी तुंबली असेल. औषध काही घेतात? वैदूचं? झाडपाल्याचं?"

"नाही."

"लघवीला कधी गेल्या होत्या?"

हे भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागले. डॉक्टरांनी त्यांना बाहेर पाठवलं आणि मला विचारलं. मला माहीत नव्हतं. चाळीत कोण कधी बाहेरून आलं हे सगळ्यांना माहीत असे, पण ह्या एका बाबतीत मी घरच्या माणसाकडे लक्ष दिलं नव्हतं.

कसंबसं भांड्यात धरलेलं थोडंसं नळीत घालून त्यांनी निळ्या औषधाबरोबर दिव्यावर उकळलं. रंग निळाच राहिला. "साखर नाही," ते म्हणाले. उरलेलं उजेडात धरलं. गढूळ होतं. "लघवीत पू आहे, आणि अंगात पाणी नाही. म्हाताऱ्या माणसाला एवढं पुरतं. आधी पाणी पाजा. चमच्याचमच्यानं, दर पंधरा मिनिटांनी. लघवी मोकळी झाल्यावर सल्फाच्या गोळ्या, आणि त्यावरही पाणी. आज घेऊन आलात हे बरं केलंत. चार दिवस थांबला असता तर मला काही करता आलं नसतं."

दोन दिवस मी चमचा घेऊन बसले. मीठ-साखरेचं पाणी, जवाचं पाणी, ताक. त्या मला त्यांची बहीण समजून शिव्या देत होत्या आणि पीत होत्या. शनिवारी दुपारी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "तुजं केस विस्कटल्यात. रांडव बाईवानी काय बसलीस?" मी बाहेर जाऊन रडले. काकूंना वाटलं, गेल्या.

भोसरीचं त्यांना काही आठवत नव्हतं. कुणीतरी सांगितलं तर त्यांनी ते साफ धुडकावलं.

त्या उठून बसायला लागल्यावर मी सरळ विचारलं, "आत्याबाई, माझ्या हातचं पाणी का नको होतं?"

त्या लुगड्याचा काठ चाचपायला लागल्या. "तुज्या हातचं न्हवं गं. पानी प्यालं की जावं लागतं. गावाकडं आमी बाया अंधारात रानात जात व्हतो. हितं दोनच संडास, आन् टमरेल घेऊन बाप्ये उभं. त्यो कोपऱ्यावरचा मेला म्हनतो, मावशे, नंबर लावू का तुजा? म्या म्हनलं, नगंच त्ये पानी."

घशाला कोरड पडली तरी त्यांनी दहा-बारा दिवस तसेच काढले होते, आणि मी त्यांच्याशी मनात भांडत होते.

ह्यांनी चाळमालकाला तिसरा संडास बांधायला सांगितलं. मालक म्हणाला, बघू. तेव्हा मी आणि काकूंनी सोळा खोल्यांतल्या बायकांना गोळा केलं. दोनातला एक संडास बायकांचा ठरवला आणि त्याला कुलूप घातलं. पुरुषांनी आठ दिवस आरडाओरड केली. कोपऱ्यावरच्या इसमानं तर माझ्या नवऱ्याला मर्दपणाबद्दल विचारलं. हे म्हणाले, "किल्ली आईकडे आहे. तिच्याकडे माग." तो गेला नाही.

पुढे आत्याबाई अर्धं वर्ष गावात आणि अर्धं आमच्याकडे राहायला लागल्या. चौदा वर्षं जगल्या. शेवटपर्यंत डोकं एकदम साफ होतं, आणि त्याचा त्रास मला रोज होत होता.