दारातले काका

“एकटीला? रिओच्या कार्निव्हलला? मुळीच पाठवू नका, वहिनी,” काका आईला सांगत होते. स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता मी थांबले.

शेजारचे काका मरीन इंजिनीयर. सिंगापुरात आमच्या पुंगोलमधल्या कितीतरी मराठी घरांत सोफ्यावर मांडी ठोकून त्यांनी ब्राझील दाखवलंय. इग्वासूच्या धबधब्यापाशी रेनकोट घालू नका, भिजाच. फेब्रुवारीत रिओला जा, रस्त्यात नाचा. बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारायची सवय. मी आखडून बसते, तरी ऐकत राहते. त्यांचं ऐकूनच मी ऑफिसात रजा मागितली. आईची अट एकच होती, “काका हो म्हणाले तर जा.”

चहा संपवून ते निघाले. मी दाराबाहेरचं जाळीचं गेट लावायला गेले. कॉरिडॉरमध्ये चपला घालता घालता ते हळूच म्हणाले, “तू जा गं. इग्वासू चुकवू नकोस.”

“मग आत काय बोलत होता?” मी विचारलं.

“आयांना तसंच सांगावं लागतं,” ते हसले आणि आपल्या दाराकडे वळले.

खरे काका कोणते, मला अजून कळलेलं नाही. पण तेव्हा मी आईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, “काका, हे आत येऊन सांगा.”