भेगाळलेलं मैदान आणि भाऊजींचा संघ

मॅट्रिकच्या वर्गातल्या सख्यांनो,

आज बाजारातून आंबेहळद आली दोन आण्यांची, चुना पैशाचा. दोन्ही माझ्या दिरांच्या फुटबॉल संघासाठी. यंदा ते बहुतेक सामने हरले. संघ ठेवायचा की मोडायचा, हे रविवारच्या गावसभेत ठरणार आहे.

घोट्याला लेप लावताना वसंतभाऊजी म्हणाले, "वयनी, अर्धे गडी लंगडून राह्यले. यात आमचा काय दोष?"

"पाय काहून मुरगळले?"

"मैदानात भेगा पडल्या ना! काळी माती हाये."

मला माहेरचं गाव, शेलूबाजार, आठवलं. दिवाळी सरली की माझा दादा आणि त्याचे गडी टोपल्यांनी माती वाहून भेगा बुजवायचे. आम्ही मुली घागरींनी पाणी घालायचो. मग मारुतीपुढे नारळ फोडून खेळ सुरू व्हायचा. अनवाणी खेळूनही क्वचितच कुणी लंगडायचं.

"यंदा भेगा कोणी बुजवल्या?" मी विचारलं.

"आमी खेळावं का माती वाहावी?" भाऊजी हसले. मग हळूच म्हणाले, "सभेत काय दाखवू वयनी, पाय का मैदान?"

पाय खरंच सुजलेत, आणि न बुजवलेल्या भेगाही खऱ्याच. तुम्ही काय सांगितलं असतं? रविवारच्या आत पोचेल असं उलट टपाली कळवा.