चपलांची हजेरी

आमच्या शाळेत हजेरी दोनदा व्हायची. एकदा वर्गात, बाईंच्या हजेरीपटावर, आणि त्याच्या आधी एकदा व्हरांड्यात, मावशींच्या नजरेत. मुलं वर्गाबाहेर चपला काढून आत गेली की मावशी हातातला झाडू टेकवून त्या रांगेवरून एक चक्कर मारायच्या आणि आज कोण आलं, कोण नाही, कोण पळत आलं आणि कोण घरून मार खाऊन आलं, हे सांगून मोकळ्या व्हायच्या. वर्गात डोकवायची त्यांना गरज नसे. "तोंडं खोटं बोलत्यात बाई," त्या म्हणायच्या, "चपला न्हाय बोलत."

मी पंढरपूरजवळच्या करकंबची. शिक्षणसेवक म्हणून सोलापुरात सात रस्ता चौकाच्या आतल्या बाजूच्या या प्राथमिक शाळेत रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि आपल्याला सगळं येतं असा माझा पक्का समज होता. शाळा पहिली ते चौथी, खोल्या पाच, सत्रं दोन. सकाळी तिसरी-चौथी आणि दुपारी पहिली-दुसरी. मुख्याध्यापकांपासून खिचडी शिजवणाऱ्या काकूंपर्यंत सगळे मावशींना नुसतं 'मावशी' म्हणत. कागदोपत्री त्या शिपाई. अक्कलकोटकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या, ठेंगण्या, कपाळावर विभूतीची तीन बोटं. घंटा त्यांच्या हातात, किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला. त्यांच्याआधी शाळेत येणारा आणि त्यांच्यानंतर जाणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

पहिल्याच महिन्यात केंद्रप्रमुख तपासणीला आले. मी ऐटीत हजेरीपट पुढे केला, एकतीस हजर. मावशी पाण्याचा ग्लास ठेवायला आल्या आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "बाई, जोड तीसच हायत." मी डोळे वटारले. मग मुकाट्यानं मुलं मोजली. तीस. कोपऱ्यातला आदित्य दोन दिवस तापानं घरी होता आणि मी सवयीनं त्याच्यापुढे हजर लिहून बसले होते. केंद्रप्रमुखांचा चहा संपायच्या आत मी आकडा दुरुस्त केला. त्या दिवसापासून मी मावशींची शिष्या झाले.

शिकवायला त्या हौशी होत्या. झाडता झाडता धडे द्यायच्या. ज्याच्या चपला भिंतीला टेकून नीट ठेवलेल्या, त्याची आई आज घरी आहे. एक हितं, दुसरी तितं पडलेली असली तर पोरगं उशिरा उठलंय, त्याला खिचडी दोनदा वाढायची. अंगठ्याला सेफ्टी पिन लावलेली ती समीरची, टाच आतल्या बाजूनं झिजलेली ती राणीची. उलटी पडलेली चप्पल दिसली की मात्र धडा तिथंच थांबायचा. मावशी वाकून आधी ती सुलटी करायच्या. "उलटी राह्यली की घरात भांडान हुतंय," म्हणायच्या. एकदा मी सहज म्हटलं, चपला शाळेत उलट्या आहेत, भांडण घरात कसं होईल? तर मला म्हणाल्या, "पोरगं घरला जाताना मोकळं जातंय व्हय?" यावर डी.एड.ला काही शिकवलेलं नव्हतं.

सहा महिन्यांत मलाही थोडं जमायला लागलं. दुसरीच्या माझ्या वर्गाची रांग मी बघायची आणि तीन-चार नावं बरोबर सांगायची. मावशी मान डोलवायच्या. मी अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते, आणि ते मला कळत नव्हतं.

डिसेंबरात गॅदरिंग आलं. त्या एका दिवशी दोन्ही सत्रांची मुलं एकत्र येत. मैदानात मांडव, कर्कश माईक, दोन नंबरच्या खोलीत कपडे बदलण्याची सोय. माझ्या दुसरीतल्या मुलींचा मोराचा नाच होता आणि त्यातला पुढचा मोर होता श्रावणी. बारकी, बोलायला लाजणारी, घरात तेलुगू बोलणारी पोर, पण नाचायला उभी राहिली की जागा पुरायची नाही. तिची आई विड्या वळायची. त्या दिवशी काम टाकून ती नाच बघायला आली, बघून लगबगीनं परत गेली. श्रावणीची थोरली बहीण भार्गवी चौथीत होती, तिच्यासोबत ही घरी यायची, असं ठरलेलं होतं.

बक्षीस समारंभाच्या वेळी चौथीतला एक मुलगा ओकला आणि तापानं फणफणला. त्याला घरी सोडायला मुख्याध्यापकांनी मावशींना पाठवलं. जाताना मावशींनी कमरेचा जुडगा सोडून माझ्या हातात दिला. "खोल्या तुमीच बंद करा बाई. उद्या सुट्टी, परवा रविवार हाय." तो जुडगा हातात घेताना मला कोण आनंद झाला होता! मावशींनी आजवर तो कोणाला दिलेला नव्हता.

कार्यक्रम संपला, मुलं पांगली, मांडववाले दोर सोडायला लागले. मी व्हरांड्यात उभी राहिले आणि अगदी मावशींसारखी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नजर टाकली. पाचही खोल्यांबाहेर एकही चप्पल नव्हती. चप्पल नाही म्हणजे मूल नाही. मी भराभर कड्या घातल्या, कुलपं लावली, जुडगा पर्समध्ये टाकला. दोन दिवस सुट्टी असल्यामुळे मी करकंबला घरी निघाले होते. पिशवी भरून आणलेलीच होती.

सात रस्त्यावर स्टँडकडे जाणाऱ्या रिक्षाची वाट बघत उभी असताना फोन वाजला. मावशी.

"बाई, कुटं हाईसा?"

"सात रस्त्यावर. गावाकडे निघालेय."

"दोन नंबरची खोली बंद करताना आत जाऊन बघितलं हुतं का?"

"आत कशाला? बाहेर एकही चप्पल नव्हती."

मावशी अगदी हळू म्हणाल्या, "श्रावणीच्या पायात आज चप्पल न्हवती बाई. दोघी भैनीत एकच जोड हाय. सकाळच्या शाळंला भार्गवी घालती, गेटावर काडून देती, दुपारच्याला ही घालती. आज दोघी एकदम आल्या, तर थोरलीनं घातली. पोरगी आत हाय. जुडगा घिऊन या."

रोज दुपारी मी त्या चपला माझ्या वर्गाबाहेर बघत होते. त्या तिच्या पायाला मोठ्या होत्या, हेही मला दिसलं होतं. वाढत्या पायाला म्हणून घेतल्या असतील, असं म्हणून मी मोकळी झाले होते. मी धावत सुटले. पदर कुठे, पिशवी कुठे. एका फळवाल्याच्या गाडीला धडकले, त्यानं शिवी दिली, तीही गोड मानून घेईन, फक्त ती पोर धड असू दे, असं मी मनात म्हणत होते. अंधारी खोली, सात वर्षांची मुलगी. रडून रडून काय झालं असेल तिचं? आणि रिक्षा आधीच मिळाली असती तर? एसटीत बसून गाडीच्या घरघरीत फोन ऐकूच आला नसता तर? दोन दिवस!

शाळेच्या फाटकातून आत शिरले तर व्हरांड्यातून टाळ्यांचा आवाज येत होता. मला वाटलं माझं डोकं फिरलं. दोन नंबरच्या खिडकीशी श्रावणीची आई गजांवर मोबाईलची बॅटरी धरून उभी होती, आणि शेजारी मावशी ठेक्यात टाळ्या वाजवत होत्या. "आता गिरकी घे. हां! पिसारा उघड की. लई झ्याक!" खोलीत, रचलेल्या बाकांच्या मधल्या जागेत, क्रेप कागदाचा चुरगळलेला पिसारा लावून श्रावणी नाचत होती. गालांवर अश्रूंचे ओघळ वाळलेले, पण पाय ठेक्यावर. नाच झाल्यावर बाकांमागच्या सतरंजीवर ती झोपली होती, हे मागाहून कळलं. आईला वाटलं ताईबरोबर आहे, ताईला वाटलं आईबरोबर गेली. उठली तेव्हा दार बंद. मावशी त्या आजारी मुलाला सोडून परत आल्या आणि फाटकातच त्यांना पोरीला शोधत आलेली श्रावणीची आई भेटली.

मी एकामागून एक चुकीच्या किल्ल्या कुलपात घालत होते. मावशींनी जुडगा माझ्या हातातून घेतला आणि दार उघडलं. श्रावणी आईच्या कमरेला बिलगली. मी तिथेच व्हरांड्यात फरशीवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले. तिची आई मलाच पाणी पाजायला लागली. "राहू दे मॅडम, सापडली की," ती म्हणत होती. आयुष्यात इतका जिवात जीव कधी आला नव्हता. त्या बाईनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण तिच्याही मनात त्या घडीला सुटकेशिवाय दुसरं काही नव्हतं.

मायलेकी गेल्यावर मावशी माझ्याशेजारी बसल्या. मी म्हटलं, मावशी, माझी नोकरी गेली आता. त्या म्हणाल्या, "तुमी चपला मोजल्या, पोरं न्हाय मोजली. चपला वळकायला असत्यात बाई. मोजायची ती डोकी." मग म्हणाल्या, "माझंबी चुकलं. त्या दोघींचं मी कुनाला बोलले न्हाय. लोकांच्या घरातली गोष्ट, गावभर कशाला, म्हनून. तुमाला तरी सांगाया पायजे हुतं."

मुख्याध्यापकांना सांगायचं की नाही, हा पुढचा प्रश्न. शाळेतल्या दुसऱ्या कोणी पाहिलेलं नव्हतं. मी आशेनं मावशींकडे बघितलं. "तुमीच सांगा," त्या उठता उठता म्हणाल्या. "मी सांगितलं तर ती चुगली. तुमी सांगितलं तर नुसती चूक." सोमवारी मी सांगितलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि विचारलं, "मूल बरं आहे ना?" मी हो म्हटलं. "मग बसा. पाणी प्या. आजपासून खोलीत आत जाऊन आल्याशिवाय कोणी कुलूप लावायचं नाही." एवढंच. शनिवार-रविवार दोन घास धड खाल्ले नव्हते, ते त्या दिवशी खिचडीच्या रांगेत मुलांच्या मागे उभी राहून खाल्ले.

चपलांचा नवा जोड मी त्याच दिवशी आणणार होते. मावशींनी अडवलं. असं हातावर ठेवलं तर आई घेणार नाही, म्हणाल्या. मग गॅदरिंगची राहिलेली बक्षिसं वाटायची होती, त्यात कागदात गुंडाळलेला एक खोका वाढला. 'उत्कृष्ट मोर.' श्रावणी आता कॉलेजात जाते. रस्त्यात भेटली की माझी नजर आधी तिच्या पायांकडे जाते, आणि ते तिला माहीत आहे, ती हसते.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, तसं मावशींचं झालं. त्यानंतर रोज संध्याकाळी त्या प्रत्येक खोलीत शिरायच्या, दारामागे बघायच्या, बाकांखाली वाकायच्या आणि रिकाम्या खोलीला मोठ्यानं विचारायच्या, "कोन हाय का आत?" दहा-अकरा वर्षं हे मी ऐकलं. कधी एखादं व्रात्य कार्टं मुद्दाम दारामागे लपून "न्हाय!" म्हणायचं, तेव्हा त्या त्याचा कान धरून बाहेर आणायच्या आणि स्वतःच खिदळायच्या.

मधे मुलांना शाळेकडून एकसारखे काळे बूट मिळाले. आम्हाला वाटलं, आता मावशींची विद्या संपली. आठ दिवस त्या गप्प होत्या. नवव्या दिवशी बुटांच्या रांगेकडे बघून म्हणाल्या, "समीरच्या भावाला आज बरं न्हाय वाटतं." आणि खरंच तो आला नव्हता. कसं ओळखलं, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला मांडव घातला, हार आणले, माईक तोच कर्कश. मुख्याध्यापक आता नवे आहेत, त्यांनी भाषण सुरू करायच्या वेळी बघितलं तर सत्कारमूर्तीच जागेवर नाही. मुलं म्हणाली, "मावशी घरी गेल्या, त्यांच्या चपला नाहीत." मांडवाबाहेर खरोखर नव्हत्या. पण चपलांवर मी पुन्हा भरवसा ठेवणार नव्हते. मी व्हरांड्यात गेले आणि एकेक दार ढकलत, आत शिरत, विचारत चालले, "कोण आहे का आत?"

दोन नंबरच्या खोलीतून आवाज आला, "हाय की."

पहिल्या बाकावर, गुडघे जवळ घेऊन, मावशी बसल्या होत्या. चपला पायातच. वर्गात चपला घालून गेलेलं मी त्यांना त्या एकाच दिवशी पाहिलं. मी शेजारी बसले. बाहेर माईकवर त्यांचं नाव पुकारत होते. त्यांनी डोळे पुसले आणि कमरेचा जुडगा सोडून माझ्या मांडीवर ठेवला.

"बाई," त्या म्हणाल्या, "आज आत कोन हाय ते न बघता कुलूप लावलं तरी चालतंय."