माळ उतरायच्या आत

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त होती. वडील चळवळीतले. ज्या गोष्टीचा राग येईल तिच्यावर ते पत्रक काढायचे. परळीहून छापलेले गठ्ठे यायचे आणि सिरसाळ्याच्या बाजारात मी फ्रॉकचा ओचा करून ती वाटायचे. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना. 'जाहीर निषेध' हे दोन शब्द मला बाराखडी पुरी व्हायच्या आधी वाचता येत होते, असं आई अजून सांगते.

वडील गेले तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढं शहरातल्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याला प्रवेश घेतला. हे काय शिक्षण असतं ते गावात कुणालाच कळेना. पिठाच्या गिरणीवर एका मावशीनं विचारलं, डॉक्टरीण होणार का नर्स? दोन्ही नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग सुई तरी टोचता येती का?" तेही नाही. "मंग येतं तरी काय बाई तुला?"

मी म्हणाले, मोजता येतं. गिरणीवरच्या सगळ्या बायका हसल्या.

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी माझं पहिलं पत्रक काढलं. ते आबांच्या विरोधात होतं. आबा म्हणजे ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचे म्हातारे मेंढपाळ. रविवारी आणि बुधवारी सकाळी ते काविळीची माळ द्यायचे. एका रानवेलाच्या बारीक काड्या दोऱ्यात बांधून केलेली माळ. ती डोक्यावर ठेवायची. दिवसागणिक ती लांबते, गळ्यात येते, छातीवर येते, बेंबीखाली गेली की कावीळ उतरली. तोवर तेल-हळद बंद आणि गावची शीव ओलांडायची नाही. आबा याचं काही घेत नसत, चहासुद्धा नाही. मी मात्र त्यांना सरळ भोंदू लिहिलं. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. यात चमत्कार नाही. हे सगळं बरोबर होतं. पत्रक मी गिरणीवर, पारावर, शाळेच्या भिंतीवर चिकटवलं. कुणी भांडायला आलं नाही. उलट त्यानंतर गावात कुणाच्या गळ्यात माळ दिसेनाशी झाली. लोकांना पटलं, असं मला वाटलं. विद्यापीठात जाऊन मी तसं सांगितलंही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पाच दिवसांचा एक छोटा अभ्यासक्रम केला, साथीचा शोध कसा घ्यायचा याचा. शिकवायला एक निवृत्त डॉक्टर होते, आवाज बारीक, बोलणं कमी. ते म्हणाले होते, नोंदवहीत शून्य दिसलं की आधी विचारा, आजारी माणूस पहिल्यांदा कुणाकडं जातो? आणखी एक वाक्य मी वहीत दोनदा अधोरेखित केलं होतं. पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांना सोडून देते, पण शेवटच्या महिन्यांतल्या गर्भार बाईला झाली तर दिवस मोजू नका, तास मोजा. परीक्षेत हा प्रश्न आला आणि मला पूर्ण गुण मिळाले.

अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र मिळायला एक काम करून द्यायचं होतं. आपल्या गावातला एखादा आजार घ्या आणि रुग्णयादी करा. मी गावी आले.

गावात काहीतरी बिनसलं होतं, पण काय ते मला सांगता येत नव्हतं. भर सकाळी लोक ओसरीवर आडवे झालेले. सिरसाळ्याच्या रसवंतीवरून बाटल्या भरभरून उसाचा रस गावात येत होता. आमच्या घरी वरण पांढरं होतं. हळद संपली, आई म्हणाली. दुसऱ्या दिवशीही पांढरंच. वहिनीला आठवा महिना लागला होता. ती सारखी पदर पुढं ओढून खाली बघायची. डोळ्यांत राख गेली, म्हणायची. परळीच्या वीजकेंद्राकडून वारा आला की आमच्याकडं वाळत घातलेल्या धुण्यावरसुद्धा राख बसते, त्यामुळं मी पुढं विचारलं नाही. तीन दिवस मी त्या घरात जेवले, झोपले, वहिनीच्या हातचा चहा प्यायले.

उपकेंद्रातल्या सिस्टरनं नोंदवही पुढं सरकवली. काविळीच्या रकान्यात शून्य. मागचा महिनाही शून्य. "न्हाई बाई कावीळ," ती म्हणाली, "लोक थकवा म्हणून येतेत, गोळ्या नेतेत." मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. आमच्या गावात कावीळ झालेला माणूस पहिल्यांदा कुणाकडं जातो हे मला चांगलं माहीत होतं. मी त्यावर पत्रक काढलं होतं.

ओढ्यापलीकडच्या उतारावर तो वेल लहानपणापासून मी गुडघाभर दाट बघितलेला. त्या दिवशी सगळा उतार उघडा होता. नुसती माती आणि तुटलेले बुडखे. आबा वस्तीवर कोकराच्या पायातला काटा काढत बसले होते. "या पत्रकवाल्या बाई," ते मान वर न करता म्हणाले. वेल कुठं गेला विचारलं तर म्हणाले, संपला, आता धारूरच्या डोंगरापर्यंत जावं लागतं.

मी म्हणाले, नावं नकोत, कोणत्या गल्लीतल्या किती जणांना माळ दिली तेवढंच सांगा.

"तू लिहिलंस मी भोंदू हाय. मंग भोंदूला कावून इचारतीस?"

नोंदवहीत शून्य आहे आणि ते मला खोटं वाटतं, एवढंच मी बोलले. आबांनी कोकरू सोडून दिलं.

"गल्लीचं राहू दे. तुझ्याच घरात एक हाय. बघितली न्हाईस का?"

घरी येईतो मला धाप लागली होती. वहिनी मागच्या दारी भांडी घासत होती. मी तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडं केलं. डोळे पिवळेजर्द होते. पदर बाजूला केला तर माळ गळ्याशी, पोलक्याच्या आत दडवलेली.

"ताई, तुमी रागवताल म्हणून न्हाई सांगितलं," ती म्हणाली. शब्द जड येत होते, दोन शब्दांमध्ये ती थांबत होती. आई म्हणाली दोन दिवसांपासून झोप लई येते तिला, उलट्या होतात. सगळ्या गल्लीला माहीत होतं. बायका एकमेकींना सांगायच्या, तिच्या नणंदेपुढं माळ झाकून ठेवा, पुन्हा भिंतीवर लिहील. माझ्या पत्रकानं एवढंच केलं होतं. माळा गळ्यातून गेल्या नव्हत्या, पोलक्यात गेल्या होत्या.

गाडी बोलवते, अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जायचं, मी म्हणाले. वहिनीनं मान हलवली. माळ उतरायच्या आत शीव ओलांडली तर लेकरू राहत नाही. आईचंही तेच. दादा राखेचा बल्कर टँकर घेऊन लांबच्या फेरीवर होता. फोनवर म्हणाला, आई म्हणेल तसं कर. मी बोलत सुटले. यकृत, विषाणू, पाण्याची लाइन, अंधश्रद्धा, वडिलांचं नाव. पाऊण तास बोलत होते. वहिनी तेवढ्यात भिंतीकडं तोंड करून झोपी गेली होती आणि हाक मारल्यावर तिला ओ द्यायला वेळ लागला.

मी परत ओढा ओलांडला. माफी मागायचं ठरवलं होतं, पण तोंडातून आली नाही. म्हणाले, आबा, वहिनी मरेल. ती तुमच्याच शब्दावर उठेल, माझ्या नाही. त्यांनी पटका बांधला आणि माझ्या पुढं चालायला लागले.

घरात त्यांनी आईला बाहेर जायला सांगितलं. वहिनीजवळ बसले. माळ गळ्याच्या हाडाखाली बोटभरही आली नव्हती. मी बघत होते. आबांनी दोन्ही हातांनी दोरा तोडला आणि मोठ्यानं म्हणाले, "उतरली पोरी. बेंबीखाली आली. आता शीव मोकळी हाय, जा तू."

दारात आईनं विचारलं, खरंच उतरली का? त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. जाताना माझ्याकडं बघितलं नाही. इतकी वर्षं माळ दिलेल्या माणसानं तिच्याबद्दल पहिल्यांदा खोटं सांगितलं असावं. मी गाडीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात वहिनीला मुलगी झाली. ती रडली नाही. वहिनी चार दिवस शुद्धीवर नव्हती. पाचव्या दिवशी तिनं डोळे उघडले आणि आधी आपल्या पोटावर हात फिरवला.

सातव्या दिवशी मी कपडे न्यायला गावी आले, तेव्हा आबा उपकेंद्राच्या पायरीवर बसून होते. सिस्टरनं कागदावर गल्ल्या काढल्या. आबा गल्ली सांगत, घराची खूण सांगत, मी टिंब देत गेले. सगळी टिंबं गटाराच्या कडेनं बसली. पाण्याची लाइन त्याच गटारातून जाते. बारा दिवसांनी पाणी सुटलं की जो तो नळाला मोटार लावतो, आणि फुटक्या पाइपातून मोटार गटारही ओढते. आमच्या नळालाही आहे. सिस्टरनं पंचायतीला पत्र दिलं. पाइप अजून तसाच आहे.

टिंबांमध्ये एक सातव्या महिन्यातली पोर होती, पहिलटकरीण. आम्ही तिघं तसेच तिच्या घरी गेलो. तोवर गावात दुसरीच गोष्ट फिरली होती, की आमचं लेकरू गेलं ते माळ आधीच काढली म्हणून. खरंच उतरली असती तर गेलं असतं का, असं लोक विचारत. सासू उंबऱ्यातच उभी राहिली. सुनेला पाठीमागं धरून. पोरीच्या डोळ्यांकडं बघायला मला पुढं व्हावं लागलं नाही. लांबूनच दिसत होतं.

आबा काही बोलायच्या आत सासूनं हात वर केला. "तुमी थांबा आबा. मी हिला इचारती." मग मला म्हणाली, "तुझ्या बापानं कधी खोटं छापलं न्हाई. भांडला, पण खोटं न्हाई बोलला. तू त्याची लेक. तुझ्यापुढंच काढली ना माळ? खरं सांग, उतरली व्हती का?"

सिस्टर खाली बघत होती. आबाही. वडिलांनी काय केलं असतं हा विचार मनात आला आणि मला तो नको होता.

"उतरली होती," मी म्हणाले. "बेंबीखाली. मी बघितली."

सासूनं सुनेचा हात सोडला. मग बाजूला झाली आणि आबा आत गेले. दोरा तुटल्याचा आवाज येत नाही, पण मी कान देऊन उभी होते.

पोर बाहेर आली. चप्पल घालताना तोल जाऊ नये म्हणून तिनं माझा खांदा धरला आणि विचारलं, वहिनी कशी हाय आता? बरी आहे, मी म्हणाले, काल थोडी पेज प्यायली. ते तरी खरं होतं.