भाभीचं रडणं

"ही आता काय बोलली गो?" मयताच्या घरात माझा पदर ओढून भाभी हळूच विचारायची.

तुम्ही आमच्या अंजूरकडे कधी मयताला आला असाल तर ठाऊक असेल. आमच्या बायका नुसत्या रडत नाहीत, शब्द लावून रडतात. गेलेल्या माणसाला हाक मारून, त्याचं केलंसवरलं सांगत, सुरात. भाभी आझमगडकडची. नवरा भिवंडीत लूमवर, बिऱ्हाड आमच्या चाळीत, मूलबाळ नाही. तिच्या मुलखातही बायका असंच रडतात म्हणे, त्यामुळे मयताच्या घरात तिला परकं वाटत नसे. आमची भाषा ती तिथेच बसून शिकली.

त्याचा व्हायचा तो परिणाम झालाच. मासळीवाली काही दिवस आली नव्हती. ती दिसताच भाभीने दारातून सूर लावला, "कुठं गेलीस गो बाय, मना टाकून!"

"अगो, मी जिती हाय!" मासळीवालीने पाटी तिथेच टेकवली. सगळी चाळ हसली, सगळ्यांत जास्त भाभी.

तिची मास्तरीण म्हणजे माझ्या सासूबाई. मयतात त्यांचा आवाज पहिला. त्या बजावायच्या, "खोटा नाय रडाचा. मानसानी जा केलाय, ताच सांगाचा."

एकदा त्यांचे पाय चेपताना भाभी म्हणाली, "मावशे, मी मेली तं मना कोन रडंल? मुलूख दूर, पोर नाय."

"मी रडन ना तुना," सासूबाई म्हणाल्या. वय कुणाचं जास्त, हे दोघींच्याही मनात आलं नाही.

सासूबाई आधी गेल्या. भाभी त्यांच्या पायांशी बसली आणि तिने हाक घातली, "मावशे, तापान मना पेज भरवलीस गो, आता माझा कपाल कोन बगंल?" रडणाऱ्या बायका रडायच्या थांबून ऐकत राहिल्या. त्यानंतर गावात कुणी गेलं की निरोप यायचा, भाभीला बोलवा.

मग शेतांवर गोदामं उठली, घरांना टाइल्स लागल्या आणि आम्हाला शब्द लावून रडणं गावंढळ वाटायला लागलं. एका मयतात कुणीतरी भाभीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "भाभी, जरा हळू. पाहुणे आलेत." ती पदराचा बोळा तोंडाशी धरून गप्प बसली. परतताना मला विचारत होती, "म्हंजे आता मेलेल्याशी कोनी बोलाचा नाय?"

"जमाना बदलला, भाभी," मी म्हटलं.

गेल्या थंडीत छातीत कळ येऊन ती गेली. आझमगडहून माणसं पोचणं शक्य नव्हतं. नवऱ्याने तिकडे भाभीच्या बहिणीला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून भाभीच्या उशाशी ठेवला. बहीण रडू लागली. शब्द लावून, सुरात, थेट सासूबाईंसारखी. मला त्यांची फार आठवण आली. एक कडवं संपवून बहीण थांबली. इकडून कुणीतरी सूर उचलेल म्हणून वाट पाहत असावी.

खोली बायकांनी भरली होती. सगळ्यांचे डोळे वाहत होते, सगळ्या रुमालाने टिपत होत्या.

"वहाँ कोई रो नहीं रहा का?" तिने विचारलं.

"रो रहे हैं, दीदी," मी म्हटलं. "सब रो रहे हैं."

"तो आवाज काहे नहीं आ रही?"