जुन्या चर्चचा कोपरा

हारमेन्स ग्रोव्हला गाव म्हणायचं ते केवळ सवयीने. अमेरिकेतल्या आयोवाच्या त्या सपाट मुलखात धान्याच्या दोन उंच कोठ्या, पाण्याची टाकी, टपालाची एक खिडकी आणि चाळीसेक माणसं, त्यातली निम्मी गुडघे धरून चालणारी. आधी शाळा बंद झाली, मग किराणा, मग बिअरचं दुकान. बिअरचं दुकान गेलं तेव्हा मात्र लोक मनापासून हळहळले. गावाभोवती मैला-मैलावर काटकोनात छेदणारे खडीचे रस्ते आणि मधल्या चौकोनांत मका, नाहीतर सोयाबीन. टेकडी नाही, ओढा नाही, लक्षात राहील असं एक वळण नाही. म्हणून तिथे खुणेला माणसंच वापरतात. टोबेनचं घर, एकहॉफ म्हातारीचा गोठा, जुन्या चर्चचा कोपरा. टोबेन कधीच मेला, घर पाडून तिथे मका पेरला, तरी ते टोबेनचं घरच.

हा सगळा मुलूख आर्डिस क्रूसला तोंडपाठ होता. लग्न होऊन आली तेव्हा ती शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. शाळा बंद पडल्यावर घरात बसून करमेना, म्हणून गावच्या ॲम्ब्युलन्सवर गेली. पगार नाही, मान मात्र होता. फोन गावातच यायचा. "आर्डिस, मर्लची आई पडली गं," एवढं कोणी म्हटलं की ही गाडी काढून मोकळी. कोणाच्या अंगणातला कुत्रा चावका, कोणाच्या मागच्या दाराची पायरी मोडकी, हे तिला विचारावं लागत नसे. तिला त्याचा अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच होता. रस्त्यांना काउंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीने, नंबर दिले, कोपऱ्याकोपऱ्यावर हिरव्या पाट्या ठोकल्या. "त्या परक्यांसाठी," असं म्हणून तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

घराच्या नंबराची पाटी तर तिच्या नवऱ्यानेच उपटली. लॅव्हर्नच्या कापणी यंत्राला ती वळताना आडवी यायची. "आपण कुठे राहतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याचं आपल्याकडे काम काय?" तो म्हणाला, आणि दोघंही हसली. टपाल गावातल्या खिडकीवर यायचं, त्यामुळे त्या नंबराची आठवण व्हायचंही कारण उरलं नाही.

मागच्या वसंतात गावची ॲम्ब्युलन्स बंद झाली. दिवसा गाडीवर जायला माणूसच मिळेना. तरणे सगळे लांबच्या कारखान्यांत, उरलेल्यांना स्ट्रेचर उचलवेना. चर्चच्या तळघरात सभा झाली. कॉफी झाली, हॅमचे सँडविच झाले, आणि मग सगळ्यांनी मान खाली घालून बंद करायच्या बाजूने हात वर केले. आर्डिस उभी राहून ओरडली, "उद्या तुम्ही पडाल तेव्हा कोण येणार आहे रे? ही कोठी येणार का चालत?"

"बस खाली," लॅव्हर्न हळूच म्हणाला. "काउंटीहून येईल की गाडी. त्यांनाही चाकं आहेत."

ऑगस्टमध्ये तोच पडला. दुपारची वेळ होती. अक्रोडाखाली फवारणीच्या नळ्या धूत होता आणि एकदम खाली बसला. आर्डिसने खिडकीतून पाहिलं आणि तिला कळलं. इतक्या वर्षांत तिने अशी बसलेली माणसं खूप पाहिली होती. ती धावली, ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली, शर्टाची बटणं सोडली. तो घामाने थबथबला होता आणि डावा हात चोळत होता.

"उन्हाने झालंय," तो म्हणाला.

"गप्प बस. उन्हाने हात दुखत नाही."

तिने मोबाइलवरून मदतीचा नंबर लावला. पलीकडून एका तरुण बाईचा आवाज आला. "पत्ता सांगा, मॅडम."

"लॅव्हर्न क्रूसचं घर. हारमेन्स ग्रोव्ह. चर्चच्या कोपऱ्यावरून उत्तरेला वळा, टोबेनच्या पुढची दुसरी वाट."

"घराचा नंबर?"

"नंबर नाही गं पोरी. टोबेनच्या पुढे!"

"बरं, चर्चपासून उत्तरेला. गाडी निघाली आहे. फोन ठेवू नका."

आर्डिसने सुटकेचा निःश्वास टाकला. लॅव्हर्नचं डोकं मांडीवर घेऊन बसली. त्याच्या कपाळावरचे केस तिने मागे सारले. मका तेव्हा पुरुषभर उंच होता. घराच्या चारी बाजूंना हिरव्या भिंतीच, रस्ता दिसायची सोय नाही. कान लावून बसायचं, एवढंच हातात होतं.

बऱ्याच वेळाने सायरन ऐकू आला. पण तो दक्षिणेकडून येत होता, आणि जवळ यायच्या ऐवजी पार पलीकडे सरकत होता. आर्डिसच्या लक्षात आलं. ती पोर चर्च म्हणजे चर्च समजली! उभं असलेलं चर्च गावाच्या दक्षिणेला आहे. आर्डिस म्हणत होती ते चर्च जळून गेलं त्याला एक पिढी झाली. त्या कोपऱ्यावर आता थडगी आहेत आणि मका आहे.

"ते चर्च नाही!" ती फोनमध्ये किंचाळली. "जुनं चर्च! जळालेलं!"

"मॅडम, जळालेलं चर्च माझ्या नकाशावर नाही. तुमचा फोन कुठे आहे तेही मला नकाशावर नेमकं दिसत नाही, नुसतं एक मोठं वर्तुळ दिसतंय. रस्त्याचा नंबर सांगा, कोणताही."

हजारदा ज्या पाटीखालून गाडी वळवली, ती पाटी आर्डिस डोळ्यांपुढे आणू लागली. हिरवा रंग दिसला. वर काय लिहिलंय ते काही केल्या दिसेना. "दोनशे दहा," ती म्हणाली. "नाही, दोनशे वीस असेल. देवा रे, मला माहीत नाही!"

सायरन आणखी लांब गेला. आता एकच उपाय होता. पिकअप घेऊन रस्त्यावर जायचं आणि त्यांना पकडायचं. पण त्यासाठी याला इथे टाकून जावं लागणार होतं. रोग्याजवळ एकट्या असलेल्या कोणाला तिने हा सल्ला कधीच दिला नसता.

लॅव्हर्नने तिचं मनगट धरलं. "जाऊ नकोस. येतील ते."

"नाही येणार. ते गावाच्या पलीकडे फिरतायत, लॅव्हर्न. मी आत्ता जाते आणि आत्ता येते." तिने फोन त्याच्या छातीवर ठेवला. "हिच्याशी बोलत राहा. झोपायचं नाही."

"परक्या बाईशी काय बोलू?"

"हवेबद्दल बोल. एरवी बोलतोस की तासन्‌तास!"

त्याने मनगट सोडलं. कसंबसं हसला.

ती सुसाट निघाली. जुन्या चर्चच्या कोपऱ्यावर पिकअप आडवी लावून तिने भोंग्यावर हात दाबून धरला. कोणी आलं नाही. पार दूर, मक्याच्या शेंड्यांवरून धुळीचा एक लोट पश्चिमेकडे जाताना दिसला. ती त्या धुळीमागे लागली. चौकात पुढचं काही दिसत नव्हतं तरी थांबली नाही, समोरून कोणी आलं असतं तर तिथेच संपली असती. शेवटी गाठलं त्यांना. एकहॉफच्या गोठ्याजवळ, म्हणजे जिथे गोठा होता तिथे, ते गाडी थांबवून नकाशा बघत होते. आर्डिस रडत होती आणि हातवारे करत होती. "माझ्या मागे या! नुसतं माझ्या मागे या!"

ते आले. दोघं तरुण होते, चपळ होते, आपलं काम जाणणारे होते. त्यांनी काय करायला हवं ते सगळं केलं. आर्डिसला त्यातलं सगळं समजत होतं, आणि तेच वाईट होतं. त्यातला मोठा छाती दाबायचं कधी थांबवेल हेही तिला आधीच कळलं. तो टाचांवर मागे बसला, हातमोजे काढले आणि म्हणाला, "मॅडम, आम्हाला घरच सापडेना हो."

"माहीत आहे," आर्डिस म्हणाली. "तुमचं नाही चुकलं."

ती गवतात लॅव्हर्नजवळ बसली. त्याची बटणं लावू लागली. तेवढ्यात गवतातून बारीक आवाज आला. बाजूला पडलेला फोन अजून चालू होता. तिने तो कानाला लावला.

"मॅडम? तुम्ही आहात का?" त्या पोरीने विचारलं.

"आहे."

"ते सारखे बोलत होते. मला वाट समजावून सांगत होते. टोबेन, एकहॉफ, आणखी कोणाकोणाची नावं घेतली. मी सगळी लिहून घेतली, पण मला एकही सापडलं नाही."

आर्डिसने उरलेलं एक बटण लावलं.

"मग त्यांनी विचारलं, आर्डिस रस्त्याला लागली का नीट? मी हो म्हणाले. मला माहीत नव्हतं, मॅडम. पण मी हो म्हणाले."